पहिली गोधडी शिवताय?
पहिलीच गोधडी पलंगभर नको. बाळासाठी अडीच बाय तीन फुटांची करा, ती पुरी होते. कापड धुऊन मऊ झालेलं सुतीच घ्या. सिंथेटिक साडी घसरते. थर तीनच, म्हणजे सुई सहज जाते.

बहुतेक गोधड्या बिघडतात त्या कच्चा टाका, म्हणजे थर तात्पुरते धरून ठेवणारे लांब टाके, टाळल्यामुळे. थर जमिनीवर अंथरा, हाताने सुरकुत्या काढा, मग मधून कडेकडे वीतभर अंतराने लांब टाके घाला. त्याआधी धावदोरा, म्हणजे गोधडीची बारीक शिवण, सुरू केलात तर खालच्या थराला चुण्या पडतात, आणि त्या उलटवल्यावरच दिसतात!

- दोरा हातभर. जास्त लांब घेतला की गुंततो.
- टाका अर्धा सेंटिमीटर, ओळींत दोन बोटं अंतर.
- दोरा ताणू नका, कापड गोळा होतं.

सुरुवातीचे टाके वाकडे येतील, उसवू नका. निम्म्यावर येईपर्यंत हात बसतो.