सोप कॉलला ५०० दिसला की लगेच सर्व्हरवाल्याला फोन नको लावू
भावा, तुझ्या सोप कॉलला (सोप म्हणजे एक्सएमएल मेसेज पाठवून दुसऱ्या सर्व्हरशी बोलायची पद्धत) ५०० हा एचटीटीपी एरर कोड आला म्हणजे सर्व्हर पडला असं धरू नको, सोपमध्ये फॉल्ट (म्हणजे एररचा मेसेज) बहुतेक ५०० वरच येतो, म्हणून एरर पकडणाऱ्या कॅच ब्लॉकमध्ये नुसतं "एरर आला" छापण्यापेक्षा रिस्पॉन्सची अख्खी बॉडी लॉग कर, त्यातल्या फॉल्टस्ट्रिंग या भागात बरेचदा कारण लिहिलेलंच असतं. ४१५ (म्हणजे पाठवलेला कंटेंट-टाइप सर्व्हरला चालत नाही) आला तर सोपच्या व्हर्जनचा घोळ बघ, १.१ ला कंटेंट-टाइप टेक्स्ट/एक्सएमएल लागतं, १.२ ला अ‍ॅप्लिकेशन/सोप+एक्सएमएल. तीच रिक्वेस्ट सोपयूआय या टेस्टिंग टूलमधून मारून बघ, तिथे चालली तर लोचा आपल्याच बाजूला. एक्सएमएलमधल्या नेमस्पेसच्या (टॅग कुठल्या गटातले ते सांगणारं नाव) शेवटचा स्लॅशसुद्धा तपास, तेवढ्यानं कधी कधी पॅरामीटर गुपचूप नल (रिकामा) जातो, एररही येत नाही (हा प्रकार सगळ्यात डेंजर). आणि अंबडच्या ऑफिसात चालतं, पण कॉलेज रोडला घरून टाइमआउट होतं म्हणतोस, मग आधी नेटवर्कचं, म्हणजे व्हीपीएन, प्रॉक्सी बघ ना, कोडला कशाला हात लावतोस!