इम्पिरियल स्टाउट ही काळी, कडक बिअर नुसती कडू लागते. चव नीट कशी घ्यायची?

बहुतेक फ्रिजमधून काढून लगेच पीत असाल. थंडगार बिअरचा वास वर येत नाही, मग भाजलेल्या जवाचा कडवटपणाच तेवढा उरतो. बाटली 20 मिनिटं बाहेर ठेवा. 10 ते 13 अंश बरं. तोंडाशी निमुळता ग्लास अर्धाच भरा. साबणाचा अंश राहिला असेल तर फेस लगेच बसतो.

आधी हुंगा: कॉफी, कोको, मनुका, कधी काकवी. मग छोटा घोट जिभेवर फिरवून गिळा. वाइनसारखं थुंकू नका, गिळल्यावर मागे रेंगाळणारा कडवटपणाही कळतो. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे हवा लागून शिळी झालेली. अल्कोहोल 8 ते 12 टक्के, त्यामुळे 330 मिलीत दोघांचं भागतं.