एमबीए नको, आधी ड्यूटी चार्ट

बाय, तू विचारलंस, की बांबोळीत, आपल्या गोवा मेडिकल कॉलेजात (जीएमसीत), एमडी मेडिसीन संपत आलंय, इंग्लंडला जाऊन पुढे मेडिकल डायरेक्टर, म्हणजे रुग्णालयाच्या बोर्डावरचा डॉक्टर, व्हायचंय, तर आधी एमबीए करू का? नको. ते पैसे परीक्षांना ठेव.

तुला एमआरसीपी, म्हणजे तिथल्या फिजिशियन कॉलेजांची परीक्षा, बरी. तिन्ही भाग झाले की प्लॅब, म्हणजे परदेशी डॉक्टरांची नोंदणी-परीक्षा, न देता नोंदणी मिळते, इंग्रजीची परीक्षा मात्र चुकत नाही. नोंदणी जनरल मेडिकल कौन्सिलकडे, म्हणजे तिथली 'जीएमसी'. (मला जीएमसीने घेतलं म्हणताच आई म्हणाली, मग बांबोळीलाच होतास की!) पोर्तुगीज पासपोर्टवर जायची आपली गोवेकरांची जुनी वाट ब्रेक्झिटमुळे 2020 अखेर बंद झाली. आणि नेमणुकीचं पत्र हातात आल्याशिवाय इथली जागा सोडू नकोस. एकेका जागेला अर्जांचा ढीग पडतोय.

तिथे आपली एमडी कन्सल्टंट, म्हणजे वरिष्ठ तज्ज्ञ, करत नाही. एक तर तिथलं ट्रेनिंग करायचं, नाहीतर पोर्टफोलिओ पाथवे (पूर्वीचा सीईएसआर), म्हणजे अनुभवाचे पुरावे देऊन तज्ज्ञ म्हणून नोंदणी. त्यात रुग्णांच्या कामाबरोबर ऑडिट, शिकवणं, पुढाकार घेतल्याचे पुरावेही मागतात.

माझं पहिलं वर्ष मीटिंगांत मुकाट बसण्यात गेलं. एचओडी, म्हणजे विभागप्रमुख, दिसले की उभं राहायची सवय. तिथे कन्सल्टंटला पहिल्या नावाने हाक मारायची, तर माझ्या घशातून आवाज फुटेना. मग रजिस्ट्रारांचा, म्हणजे कन्सल्टंटच्या हाताखालच्या डॉक्टरांचा, रोटा (तिथला ड्यूटी चार्ट) करायला कुणी तयार होईना, म्हणून तो माझ्या गळ्यात पडला. नाताळ, ईद, दिवाळी, कुणाचं बाळंतपण, कुणाची परीक्षा. पहिल्याच महिन्यात एका रात्री कुणाचंच नाव नव्हतं. चूक माझी, तेव्हा ती रात्र मीच काढली. पण त्या रोटाने मला वॉर्डच्या सिस्टर, बेड मॅनेजर, एचआरची बाई, सगळ्यांच्या दारात नेलं. खाट कुठे अडते ते मला तिथे कळलं. पुढे क्लिनिकल लीडची, म्हणजे विभागाचं काम सांभाळणाऱ्या डॉक्टरची, जागा निघाली तेव्हा माझं नाव सिस्टरनीच सुचवलं.

त्या पदाला मोठा पगार असेल असं समजू नकोस. पूर्णवेळ कन्सल्टंटचा आठवडा चार-चार तासांच्या 10 सत्रांचा. लीडला या कामासाठी त्यातलं एखादं मिळतं, आणि मेल मात्र रात्री घरी बसून निपटावे लागतात.

तिथली सरकारी रुग्णालयं चालवणाऱ्या ट्रस्टच्या बोर्डावर एक डॉक्टर किंवा डेंटिस्ट आणि एक नर्स किंवा मिडवाइफ असावीच लागते, तेव्हा तुझं स्वप्न हवेतलं नाही. पण 1983 मध्ये सेन्सबरी या किराणा साखळीच्या रॉय ग्रिफिथ्स यांच्या अहवालाने रुग्णालयांत जनरल मॅनेजर आणले, तेव्हापासून डॉक्टर आणि मॅनेजर यांची ओढाताण चालूच आहे. दोघांची भाषा येणारा माणूस तिथे हवा असतो. शिवाय पेशंट सोडू नकोस. ओपीडी सोडलेल्या डायरेक्टरचं वॉर्डात कुणी मनावर घेत नाही, हे मी पाहिलंय.

तुमच्या युनिटचा ड्यूटी चार्ट सध्या कोण करतं? पुढच्या महिन्याचा तू मागून घे. गणेशचवथ त्यात येत असेल तर उत्तमच.