खानापूरच्या रानातल्या त्या मातीच्या हॉटेलात एका रात्रीचे सोळा हजार देण्यासारखं काही आहे का?

राहून या. पण तुम्ही प्रश्नाखाली जे लिहिलंय, की "दोघांचं एका रात्रीचं सोळा हजार, त्यात सात पदार्थांचं जेवण, पण शेवटी मातीच्या भिंती आणि जुनी कौलंच ना?", त्यातलं शेवटचं वाक्य मला लागलं. म्हणून जरा लांबण लावतोय.

आमचं गाव बेळगाव जिल्ह्यातल्या याच खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडं. बाबांनी चाळीस वर्षं गवंडीकाम केलं. चिऱ्याचं बांधकाम, मातीची भिंत, कौलं बसवणं, पावसाळ्याआधी घरं शेकारून देणं, म्हणजे कौलं काढून नीट परत बसवणं, सगळं. आमचं घर आजोबांच्या हातचं. जोतं जांभ्याचं, भिंती दीड हात जाड मातीच्या, वर सतराशे कौलं. 2009 साली दादानं ते पाडून स्लॅबचं बांधलं. मातीचं घर म्हणजे कच्चं, सोयरिकीला आलेली माणसं दारातच अंदाज बांधतात, असं त्याचं म्हणणं. मी पुण्यात नोकरीला होतो. फोनवर भांडलो, उपयोग झाला नाही. कौलं त्यानं जुन्या सामानवाल्याला चार रुपयाला एक अशी देऊन टाकली. बाबा एका शब्दानं बोलले नाहीत. टेम्पोत कौलं फुटू नयेत म्हणून ती उभी रचून द्यायला मात्र तेच उभे होते.

गेल्या सप्टेंबरात बाबांना घेऊन मी त्या हॉटेलात एक रात्र राहिलो. बाबांचं वय अठ्ठ्याहत्तर. आल्या आल्या कोकम सरबत पुढं केलं, ते तसंच ठेवून बाबा भिंतीपाशी गेले. आधी तळवा ठेवला, मग बोटाच्या पेरानं टकटक केलं, मग कोपऱ्यावर नख ओढून बघितलं. माती सुटली नाही.

"धुम्मसानं ठोकलीय. थर वीतभराचा. हात चांगला आहे."

वास्तुविशारद याला रॅम्ड अर्थ म्हणतात. चाळलेली माती, वाळू, थोडं सिमेंट, बेताचं पाणी. फळ्यांच्या साच्यात एकेक थर टाकायचा, धुम्मसानं, म्हणजे दांड्याच्या जड ठोकळ्यानं, ठोकून घट्ट करायचा, साचा वर सरकवायचा. प्रत्येक थराची रेघ भिंतीवर दिसत राहते, लाल, पिवळसर, पुन्हा लाल. आमच्याकडं मातीची भिंत लिंपून झाकायची पद्धत. इथं ती उघडी ठेवलीय, आणि बाबांना तेच आवडलं. नंतर ते बाहेर जाऊन वळचणीखाली उभे राहिले. पाऊस लागला होता. जोतं जांभ्याचं, दोन फूट उंच, वळचण चार फूट बाहेर. "पागोळी भिंतीला शिवत नाही बघ," म्हणाले. आमच्या भागात पाऊस कसा झोडपतो ते तुम्हाला माहीत आहे. त्या पावसात माती उभी राहते ती या दोन गोष्टींवर, आणि आमच्या घरालाही त्या दोन्ही होत्या.

जेवणाचं सांगतो. पावणेआठला बसलो ते सव्वादहाला उठलो. पहिल्यांदा नाचणीची आंबील, ताकातली, वर लसणाची फोडणी. मग निखाऱ्यावर भाजलेली अळंबी, रानातली, मिठाशिवाय फारसं काही न लावलेली. ही अळंबी पावसातच मिळते, म्हणून जायचं तर पावसातच जा. मधले दोन पदार्थ ताटलीवर नक्षी काढण्यापुरतेच होते, मला ते अजिबात पटले नाहीत. भात बेळगावी बासमतीचा, झाकण उघडल्याबरोबर वास टेबलभर. त्यावर तूप आणि भाजलेल्या आठळ्या. बाबा तिथं पहिल्यांदा पोटभर जेवले. शेवटी मांडा. पालथ्या खापरावर भाजलेला, पापुद्रा असा की पलीकडचा दिवा दिसावा. घडी मोडून गरम दुधात. लग्नाच्या पंगतीत मांड्याची घडी पानात पडली की पंगत मोठ्या घरची समजायचे, असं बाबा सांगत होते.

प्रत्येक पदार्थाची माहिती इंग्रजीत देत होते. खानापूर तालुक्यातल्या म्हाताऱ्या माणसाला आंबील काय असते हे इंग्रजीत सांगायचं, याचा मला राग आला आणि मी तो बोलून दाखवला. मग वाढणारी मुलगी मराठीत बोलायला लागली. शेजारच्याच गावची. बाबांनी विचारलं, "पोरी, भिंती कुणी घातल्या?"

"माझ्या मामानं, आजोबा. मामा आणि अजून सहाजण. दोन पावसाळे गेले."

दर्शनी भागात वास्तुविशारदाचं नाव पितळी अक्षरांत आहे. मामाचं नाव कुठंच नाही. माझी त्या हॉटेलवर खरी नाराजी याचीच आहे. सोळा हजारांपेक्षा जास्त.

आता कौलं. खोलीचं छत स्लॅबचंच आहे, पण त्यात जुनी कौलं बसवलेली. स्लॅब वाकायला लागला की खालच्या बाजूचा ताण लोखंड घेतं, तिथलं काँक्रीट त्या ताणाच्या फारसं उपयोगी पडत नाही. म्हणून सळ्यांच्या चौकटीत कौलं मांडून वर काँक्रीट ओतायचं. सिमेंट वाचतं, वजन कमी होतं, कौलाच्या पोकळीमुळं ऊनही कमी उतरतं. केरळात वास्तुविशारद लॉरी बेकरनी (1917-2007) अशी कितीतरी घरं बांधली. बाबांनी बेकरचं नाव कधी ऐकलं नव्हतं, पण मी निम्मं सांगेपर्यंत त्यांना सगळं कळलं होतं.

रात्री दिवा घालवू देईनात. पाठीवर पडून कौलांवरचे छाप वाचत होते. 1865 मध्ये बासल मिशन या परदेशी मिशनरी संस्थेनं मंगळुरात कौलांचा कारखाना काढला तेव्हापासून या कौलांच्या पोटावर कारखान्याचा छाप असतो, आणि गवंडी छापावरून कौल ओळखतो. "हे मंगळूरचं. हे पण. हे आपल्या खानापूरचं." खानापूरची माती कौलांसाठी नावाजलेली, कुंभारकाम शिकवणारी खादी ग्रामोद्योगची संस्थाही तिथंच. सकाळी व्यवस्थापकाला विचारलं तर म्हणाले, ही सगळी कौलं तालुक्यातली पाडलेली घरं फिरून गोळा केलेली. आमचीच असतील असं मी म्हणत नाही. पण त्या रात्री बाबा किती वाजता झोपले ते मला माहीत नाही.

दादाच्या स्लॅबनं तिसऱ्या पावसाळ्यात गळायला सुरुवात केली. दोनदा डांबर मारलं, मग लाखभर घालून वर पत्र्याचं शेड उभारलं. आमच्या गावात आज निम्म्या स्लॅबांवर पत्रे आहेत. एप्रिलमध्ये मध्यरात्रीपर्यंत खोलीत आग. दादा, तू हे वाचशील म्हणून इथंच लिहितो: कच्चं कुठलं आणि पक्कं कुठलं, ते त्या खोलीत एक रात्र झोपून ठरव. खर्च माझा.

आणि तुम्ही, गावी कौलारू घर असेल तर पाडायचा विचार निघेल तेव्हा आधी जुन्या गवंड्याला बोलवा. वाळवी लागलेला वासा बदलता येतो, फुटकं कौल बदलता येतं. अर्थात वाशांत जीवच उरला नसेल, भिंत फुगून बाहेर आली असेल, तर हट्ट करू नका, माणसं आत राहतात.

हॉटेलचं राहिलेलं: मोबाईलला रेंज नाही. पायऱ्या बऱ्याच, गुडघे दुखणाऱ्यांनी आधी सांगून ठेवावं. लहान मुलं अडीच तासांच्या जेवणात कंटाळतात. चोर्ला घाटातून गोव्याहून येणार असाल तर धुक्याच्या दिवसांत उजेडातच पोचा. आणि बुकिंग करताना कौलांच्या छताची खोली म्हणून स्पष्ट मागा. तशा चारच आहेत, बाकीच्यांना लाकडी छत.