सेल्टिक हार्पचे संगीत खरोखर मध्ययुगीन आहे का, आणि ते शिकायला सुरुवात कशी करावी?

‘परीकथेतल्यासारखे भासणारे हे संगीत खरोखर मध्ययुगीन आहे की अलीकडे उभा केलेला देखावा आहे’ हे आपल्या प्रश्नातील वाक्य वाचून उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही. नेमका हाच आरोप मिरजेच्या माझ्या काकांनी सहा वर्षांपूर्वी सगळ्या घरासमोर माझ्या सेल्टिक हार्पवर, म्हणजे आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या बोटांनी छेडायच्या तंतुवाद्यावर केला होता.

काका सतार वाजवत असत आणि तंबोरा जुळवण्यात आमच्या घरात त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते. एडिंबरा येथे नोकरीला असताना मी पितळी तारांचा, एकोणीस तारांचा लहान हार्प शिकलो आणि सुट्टीत तो घरी घेऊन आलो. नायलॉनच्या तारेचा नाद लवकर विरतो. पितळी तार मात्र बराच वेळ घुमत राहते, म्हणून पुढचा स्वर छेडताना मागच्या तारेवर बोट टेकवून ती शांत करावी लागते, आणि कोणता स्वर थांबवायचा व कोणता घुमू द्यायचा यातच या वादनाची खरी कला आहे. काकांना ते बोट टेकवणेच खटकले. “लागलेला सूर मारून टाकतोस आणि वर याला जुनी विद्या म्हणतोस? हे सिनेमातल्या पऱ्यांचे संगीत आहे,” असे ते म्हणाले. मला त्या दिवशी उत्तर देता आले नाही.

आज देतो. जुलै १७९२ मध्ये बेलफास्टला हार्पवादकांचा मेळावा भरला, तेव्हा तेथे आलेल्या दहा आयरिश वादकांपैकी केवळ एक, सत्त्याण्णव वर्षांचे अंध डेनिस हेम्पसन, जुन्या रीतीने वाढवलेल्या नखांनी पितळी तारा छेडत होते. त्यांच्या सुरावटी टिपून घेण्याचे काम एडवर्ड बंटिंग या एकोणीस वर्षांच्या मुलावर सोपवले होते. त्याने पुढे त्या पियानोसाठी बसवल्या आणि त्यात त्यांचे मूळ वळण पुष्कळ हरवले, पण वाद्य जुळवण्याची रीत त्याच्यामुळेच आपल्यापर्यंत पोहोचली: मधल्या दोन तारा आधी एकाच स्वरात मिळवायच्या, त्यांना ‘बहिणी’ म्हणत, आणि मग पंचम व सप्तक यांच्या आधाराने बाकीच्या लावत जायचे.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. ‘मध्ययुगीन’ हे विशेषण बहुतेक ठिकाणी चुकीचे आहे. सर्वांत प्रसिद्ध हार्परचनाकार टर्लो ओ’कॅरोलन (१६७०–१७३८) यांच्या रचनांवर त्यांच्या काळातील इटालियन संगीताची छाप आहे. आणि आज आपण ऐकता तो सेल्टिक हार्प बऱ्याच अंशी पॅरिसमध्ये १९५३ साली ब्रेटन (फ्रान्समधील ब्रिटनी या सेल्टिक प्रदेशाच्या) वंशाच्या जॉर्ड कोशवेलू यांनी बांधलेल्या वाद्याचा व त्यांचे पुत्र अलां स्तिवेल यांच्या १९७१ च्या ध्वनिमुद्रिकेचा वारसा आहे. परंतु नव्याने उभे राहिले म्हणून ते खोटे ठरत नाही. गूढतेचे म्हणाल, तर यातील अनेक धुना आपल्या काफी किंवा खमाज थाटाच्या स्वरांत बसतात. मराठी कानाला त्यात परके असे फारसे काही नाही.

शिकायचे असेल तर पितळी तारांचाच हार्प घ्यावा, एकच लहान धून कानाने ऐकून बसवावी आणि स्वरलिपी पहिले काही महिने दूर ठेवावी. कृत्रिम प्रतिध्वनीत बुडवलेली ध्वनिमुद्रणे ऐकून शिकू नये, कारण तार कुठे थांबवली आहे हेच त्यात कळत नाही. अर्थात नखे ठिसूळ असतील किंवा मुख्यतः गायनाच्या साथीसाठी वाद्य हवे असेल, तर नायलॉनचा हार्पच सोयीचा पडेल. आणि मी लहान हार्पच वाजवतो, तेव्हा मोठ्या वाद्यांविषयीचे माझे मत त्या बेताने घ्यावे.

एक गोष्ट मी काकांना कधी सांगितली नाही. त्या संध्याकाळी वादनापूर्वी मी वाद्य जुळवत होतो, तेव्हा ते आतल्या खोलीतून म्हणाले होते, “दोन्हींतली एक किंचित उतरली आहे रे.” मी ती चढवली. ती बहिणींपैकीच एक तार होती.