तुणतुणं, फूटपट्टी आणि हलगी

प्रश्न : शाळेत एकही वाद्य नाही. पाचवीच्या मुलांकडून काय बनवून घेता येईल? (शिक्षिका, जिंतूर तालुका)

तुणतुणं. किलोभराचा पत्र्याचा डबा, अडीच फुटी बांबूची काठी, खुंटी, बारीक पोलादी तार, वायसर. डब्याचं झाकण काढून धार कानशीने घासा. हे काम मोठ्यांनीच करावं. तळाच्या मधोमध खिळ्याने भोक पाडा, वायसर बांधलेली तार खालून आत ओवा आणि काठीच्या टोकाजवळच्या खुंटीला गुंडाळा. काठी डब्याला बाहेरून दोन ठिकाणी आवळायची. एकाच ठिकाणी बांधली तर तार ताणताच ती झुकते आणि सूर उतरत राहतो. खऱ्या तुणतुण्याला तळाशी कातडं असतं. आवाजातला फरक मुलांनाच सांगू द्या.

प्रश्न : यात गणित कुठे येतं? (शिक्षक, अंबाजोगाई)

अगदी मध्यभागी. फळीवर दोन घोड्यांमध्ये (घोडी म्हणजे तार उचलून धरणारा छोटा आधार) बरोबर ६० सेंमी तार ताणा. मोकळी तार म्हणजे सा. तिसरी, सरकती घोडी मुलांनी कानाने जुळवायची, तंबोऱ्याचं ॲप सोबत ठेवून. चौघांचा गट करा: एक छेडणार, एक घोडी सरकवणार, एक मोजणार, एक ऐकून लिहिणार. छेडलेला भाग ४८ सेंमीला ग देतो, ४५ ला म, ४० ला प, ३० ला वरचा सा. हे आकडे आधी फळ्यावर लिहू नका, मग मुलं ऐकणं सोडून पट्टीच बघतात. मोजून झाल्यावर ४/५, ३/४, २/३, १/२ हे अपूर्णांक त्यांचे त्यांनाच काढू द्या. प ४० ऐवजी ४१ वर लागला, तर सरकती घोडी उंच आहे: तार जादा ताणली जाऊन सूर चढतो. घोडी तारेला जेमतेम टेकेल एवढीच ठेवा.

प्रश्न : वादकांना बोलवावं का? (मुख्याध्यापक, तुळजापूर)

जरूर, आणि मानधन देऊन. तुणतुणं आणि संबळ (दोन भांड्यांचं चर्मवाद्य) गोंधळात वाजतात. गोंधळ ही देवीची उपासना आहे, त्यामुळे काय दाखवायचं ते गोंधळी ठरवतील. मराठीच्या तासाला मुलांनी प्रश्न आधी लिहावेत: संबळाच्या दोन भांड्यांत ढाल्या, म्हणजे खालच्या, आवाजाचं कोणतं? एका काठीचं टोक वाकडं का?

हलगीवादक आले तर विज्ञानाचा तास हाताशीच आहे. दमट हवेत कातडं ओलावा धरतं, सैल पडतं, आवाज बसतो. म्हणून हलगी जाळावर शेकतात. शेकण्याआधीचा आणि नंतरचा आवाज मोबाइलवर टिपून घ्या. आणि हलगी वाजवणाऱ्यांना गावाने पिढ्यान्‌पिढ्या वेशीबाहेर ठेवलं, हे परिसर अभ्यासाच्या तासाला टाळू नका.

प्रश्न : गुण कशाला द्यायचे? (शिक्षिका, सेलू)

मोजमापाच्या वहीला, खोडलेल्या आकड्यांसकट. वाद्याच्या रंगरंगोटीला नको.