रिकाम्या टाकीपासून सुरुवात करा

उडत्या विमानाखालून वस्तू सुरक्षित सुटेल का, हे तपासताना नवख्या अभियंत्याला जड बॉम्बचीच धास्ती वाटते. मी मात्र तुम्हाला आधी पंखाखाली लटकवलेल्या इंधनाच्या रिकाम्या टाकीचे गणित करायला सांगेन. तिचे वजन घटलेले असते पण आकार तोच राहतो, त्यामुळे पंखाखालचा वाकडातिकडा प्रवाह तिचे नाक क्षणात वळवतो आणि ती खाली पडण्याऐवजी विमानावरच येऊ शकते. सुटल्यानंतरचा पहिला अर्धा सेकंद बारकाईने तपासा आणि इजेक्टरच्या (वस्तूला विमानापासून दूर ढकलणाऱ्या यंत्रणेच्या) पुढच्या-मागच्या पिस्टनचा जोर असमान असल्यास काय घडेल, तेही पाहा. वातबोगद्यातले (हवेच्या कृत्रिम झोतात घेतलेल्या चाचणीचे) आकडे संगणकाच्या गणिताशी जुळले तरी ध्वनिवेगाच्या आसपास दोहोंवर थोडा संशय ठेवावा, कारण तिथे आघाततरंग (हवेच्या दाबातली अचानक उडी) जरासा सरकला तरी वस्तूचा तोल बदलतो.

पूर्वीच्या यशावर तर मुळीच विसंबू नका. अमेरिकेच्या एम-२१ विमानाच्या पाठीवरून डी-२१ हे मानवरहित विमान तीनदा सुखरूप सुटले होते. तेव्हा वैमानिक एम-२१ किंचित खाली झुकवत असे, त्यामुळे भारांक (वजनाच्या किती पट भार येतो तो आकडा) कमी होऊन डी-२१ सुटायला मदत होई. ३० जुलै १९६६ रोजी चौथ्यांदा डी-२१ सरळ उड्डाणात सोडले गेले, एम-२१ वरच आदळले आणि एम-२१ मधल्या दोघांपैकी एकाचा मृत्यू झाला. म्हणून मंजुरीच्या कागदावर वेग आणि उंचीइतक्याच ठळकपणे भारांकही लिहा.